पक्क्या रंगाचे मासे

१८ जानेवारी, शनिवार
रिटायर झाल्यावर वेळ जात नाही असं लोक म्हणतात. त्यांच्याकडे प्लॅनिंग नसतं. माझ्याकडे आहे.

आज बायकोला, काशम्माला, बांगड्या घ्यायला गड्ड्याच्या जत्रेत गेलो. बांगडीवाल्याच्या शेजारी माशांचा स्टॉल. पाच गोल्डफिश घेतले. बांगड्या राहिल्या. पुढच्या वर्षीही गड्डा भरणारच आहे, त्यात एवढं तोंड फिरवून बसण्यासारखं काय आहे?

१९ जानेवारी, रविवार. सकाळ
रीतसर नोंद. दोन लाल कॉमेट, सरळ शेपटीचे. एक फॅनटेल, लाल-पांढरा, पोट सुटलेला, शेपटी दुहेरी. एक ओरांडा, डोक्यावर टोपी. एक ब्लॅक मूर, काळाकुट्ट, डोळे बाहेर आलेले. काशम्माने त्याचं नाव मुनीम ठेवलं. जातिवंत माशाची अशी थट्टा बरी नाही.

मागच्या अंगणातल्या धुण्याच्या हौदात सोडले. काशम्माने विचारलं, मग धुणं कुठं धुऊ? म्हटलं, हे सायन्स आहे. ती म्हणाली, सायन्स तुमच्या लुंग्या धुणार का?

सोलापूरला पाणी पाच दिवसांनी येतं म्हणून सगळे बोंबलतात. पण माशांना क्लोरिन उडालेलं शिळं पाणीच लागतं. आपलं सगळं पाणी शिळंच असतं. माझ्यासाठी सगळं जुळून आलंय.

१९ जानेवारी. दुपार
मुख्य विचार लिहायचा राहिला. टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्यात माझी सगळी नोकरी गेली. दोन शेडमधला फरक मी नुसत्या डोळ्याने सांगायचो, उत्तरेच्या उजेडात सुताची लडी धरून. मग शेड जुळवणारं मशीन आलं. साहेब म्हणाले, मल्लिनाथअण्णा, आता आराम करा. ठीक आहे. मशीनने एक जिवंत मासा रंगवून दाखवावा. मी दाखवतो.

९ फेब्रुवारी, रविवार
बीगरू आले होते, लेकीला घेऊन. आमच्यात व्याह्याला बीगरू म्हणतात. गुरुबसप्पा, आमच्या सिद्धेश्वरीचे सासरे, अक्कलकोटला तूरडाळीचा मोठा व्यापार. नवा बंगला बांधतायत. दारात निळ्या टाइल्सचा हौद, कारंजं. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी वास्तुशांती.

चहा पिता पिता त्यांनी विचारलं, आता दिवसभर काय करता हो तुम्ही? विचारणं साधंच होतं. पण त्याआधी ते जरा थांबले. ते थांबणं मला आवडलं नाही. म्हटलं, मी गोल्डफिश ब्रीड करतो. प्युअर जात, पक्का रंग. तुमच्या वास्तुशांतीला माझ्या घरी जन्मलेले अकरा सोनेरी मासे हौदात सोडणार.

आत स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. सिद्धेश्वरी डोळ्यांनी खुणा करत होती. कौतुकाने असेल.

गुरुबसप्पा खूश झाले. म्हणाले, मग मी पाहुण्यांना सांगतो हं. म्हटलं, खुशाल सांगा की.

ते गेल्यावर काशम्मा म्हणाली, मासे पाच, तेही गड्ड्यावरचे, आणि त्यातला नर कोण मादी कोण ते तुम्हाला ठाऊक नाही. तिला व्हिजन नाही.

२ मार्च, रविवार
मासे आळशी झालेत. त्यांच्यासमोर टार्गेट नाही. कारखान्यात नव्या पोरांना आम्ही आधी शेड दाखवायचो, मग काम. म्हणून घरातली सुताची नारंगी लडी (जुनं सँपल, शेड नंबर अकरा, माझी स्वतःची) हौदात लोंबकळत सोडली. बघा आणि शिका.

४ मार्च, मंगळवार
हौदात दंगा. कॉमेट आणि मुनीम मिळून फॅनटेलच्या मागे लागलेत. बिचारीला ढुशा मारून मारून लडीवर ढकलतात. हे असलं वागणं मला चालणार नाही. काठीने हौदाच्या कडेवर वाजवून दम दिला. काशम्मा पदर तोंडाला लावून आत गेली.

५ मार्च, बुधवार
अंडी! लडीवर! प्रत्येक धाग्याला साबुदाणा चिकटल्यासारखी. आणि लडी कोणत्या शेडची? नंबर अकरा. यापुढे माझ्या थिअरीबद्दल मी कोणाशी वाद घालणार नाही.

बाकीची अंडी आईबापांनीच खायला सुरुवात केली होती. लडी उचलून प्लास्टिकच्या टाकीत टाकली. सिद्धेश्वरीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, तुम्ही चार जातींचे एकत्र ठेवले, पिल्लं सरमिसळ होणार, बरीचशी साध्या नदीच्या माशासारखीच निघतात. ती बँकेत असते. तिने बँकेतलं बघावं.

९ मार्च, रविवार
पिल्लं निघाली. पापणीच्या केसाएवढी. रंग नाही. नसणारच. कापड मागावरून उतरतं तेव्हा ग्रेच, म्हणजे बिनरंगाचंच असतं. ग्रे माल आला, आता आपलं काम सुरू.

उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक लागतो म्हणे. आमच्या घरात अंडं येत नाही. काशम्माचा चेहरा बघून विषय सोडला. शेंगदाण्याचं पाणी दिलं. सोलापूरची शेंग आहे, ताकद येईल.

१६ मार्च, रविवार
शेंगदाण्याच्या पाण्याने टाकीला वास आला. पिल्लं निम्मी झाली. जी राहिली ती मजबूत. सिलेक्शन म्हणतात याला.

२३ मार्च, रविवार
वाईट बातमी. मुनीमचं पोट पिवळं पडलंय. कडेकडेने काळा रंग उतरतोय आणि आतून नारंगी दिसतंय. गड्ड्यावाल्याने फसवलं. कच्चा रंग!

कारण शोधलं. हौदावर दुपारी रणरणतं ऊन येतं. ऊन लागलं, रंग उडाला. शेकडो टॉवेलांचं असं झालेलं मी पाहिलंय. वाळत घातलेल्या चादरीचा वरचा पदर बघा, कधीही खालच्यापेक्षा फिका.

निर्णय: टाकी आणि हौद दोन्हींवर हिरवी शेडनेट. वर जुन्या दोन चादरी. एकही किरण आत जाता कामा नये. मुनीमला ब्रीडिंग प्रोग्राममधून काढलं.

६ एप्रिल, रविवार
मागच्या प्लॉटवरच्या वच्छलाबाई आल्या. मोहोळकडच्या. त्यांचा नवरा भारत म्हशी पाळतो. म्हशींना पाणी प्यायला उघडा मोठा हौद आहे, दिवसभर उन्हात. म्हणाल्या, अण्णा, हौदात डासाच्या आळ्या लई झाल्यात, मलेरियावाला रोज येऊन बोलतोय, दोन-चार मासं द्या की.

म्हटलं, तुमच्याकडे मासे खातात. त्या म्हणाल्या, अण्णा, एवढं बारकं खाऊन दात कोरायचं का?

मग मी ग्रेडिंग केलं. पांढऱ्या घमेल्यात एकेक पिल्लू घेऊन, उत्तरेच्या उजेडात. दुहेरी शेपटी ते फर्स्ट ग्रेड. सरळ शेपटी, वाकडी शेपटी, तिरपं पोहणारे, सगळे रिजेक्ट. रिजेक्ट बादलीत घालून वच्छलाबाईंना दिले. त्यात मुनीमही दिला. कच्चा माल लॉटमध्ये ठेवला की सगळा लॉट बदनाम होतो.

काशम्मा म्हणाली, मुनीमला कशाला दिलं, तो माझ्या हाताला यायचा. रंगखात्यात भावना चालत नाही.

२० एप्रिल, रविवार
पारा त्रेचाळीस. टाकी गार. एसीच म्हणा.
शेड कार्ड घेऊन तपासणी. सगळे फर्स्ट ग्रेड: शेड नंबर बेचाळीस, खाकी. पोलिसांच्या युनिफॉर्मचा लॉट असता तर एका फेरीत पास.
अजून वेळ आहे.

२७ एप्रिल, रविवार
थोरली बहीण मंगळवेढ्याहून आली. तिला कोणीतरी सांगितलं की मल्लिनाथच्या घरी आता मासे असतात. आल्या आल्या पाणी दिलं तर प्याली नाही. आधी मागे नेऊन जिवंत दाखवावे लागले. तिने चादर वर करून बघितलं आणि विचारलं, हे कुठलं गढूळ पाणी रे? ते पाणी नव्हतं. मासे होते.

११ मे, रविवार
आहारात बदल. गाजर किसून, बीट किसून, चिमूटभर हळद. हळदीने पाणी पिवळं झालं. पाण्यात बघितल्यावर मासेही सोनेरी दिसले. दहा मिनिटं फार आनंदात गेली.

सिद्धेश्वरीने मोबाइलवर एक लांबलचक लेख पाठवलाय. घरच्या तळ्यातल्या गोल्डफिशला रंग कसा चढतो. मध्ये कुठेतरी उन्हाबद्दल काहीतरी होतं. वेळ मिळाला की वाचतो. तिला अंगठा पाठवला.

१ जून, रविवार
काशम्मा म्हणते, जरा ऊन लागू द्या, माणसाची पोरंसुद्धा उन्हात लाल होतात. तिला समजावलं की माणूस आणि मासा यांत फरक आहे. मी मासा आणि टॉवेल यांतला सारखेपणा समजावायला लागलो तेव्हा ती म्हणाली, सुम्म कूडरी. रागावली की ती कन्नडात जाते. गप्प बसा, असा अर्थ आहे.

बसलो.

१५ जून, रविवार
पाणी सात दिवसांनी आलं. हौदाचा तळ दिसायला लागला होता. धुण्याचं पाणी की माशांचं पाणी, यावर घरात मतदान झालं. मतदार दोन. मी अल्पमतात गेलो. (हे कसं झालं ते कळत नाही.) ओरांडा तेवढ्यात गेला. टोपी वजनदार होती त्याची.

तपासणी: शेड नंबर बेचाळीस.

२९ जून, रविवार
वच्छलाबाई कुंपणावरून काहीतरी सांगत होत्या, अण्णा, तुमचं ते मासं बघाया या की एकदा. म्हटलं, रिजेक्ट मालाचं काय बघायचं, आळ्या खातात ना? त्या म्हणाल्या, आळ्या तर खात्यातच, पर… मला गाजर किसायचं होतं. नंतर बघू.

काशम्मा रोज संध्याकाळी दूध आणायला त्यांच्याकडे जाते आणि हल्ली बराच वेळ लावते. बायकांच्या गप्पा.

६ जुलै, रविवार
बीगरूंचा फोन. हौद पूर्ण झाला. कारंज्याला दिवे लावलेत. नव्वद पत्रिका वाटल्या आणि प्रत्येकाला तोंडी सांगितलं की मासे आमच्या बीगरूंच्या घरचे. ते म्हणाले, मल्लिनाथराव, सगळे विचारतायत कसे दिसतात हो? म्हटलं, भारदस्त.

फोन ठेवल्यावर टाकीवरची चादर दोनदा वर करून बघितली. शेड नंबर बेचाळीसच.

२० जुलै, रविवार
रात्रंदिवस विचार केल्यावर उलगडा झाला. चूक माशांची नाही, बघणाऱ्याची आहे. सोनेरी गोल्डफिश कोणाकडेही मिळतो. घुमटासारखी पाठ, दुहेरी शेपटी आणि एकसारखा, पक्का, जराही न उडणारा खाकी रंग, हे जगात फक्त माझ्याकडे आहे. नवी जात. नाव ठरवलं: सोलापुरी ब्रॉन्झ.

काशम्माला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, आपल्या हिप्परग्याच्या तलावात लाखभर सोलापुरी ब्रॉन्झ आहेत.

२४ जुलै, गुरुवार
बीगरूंना फोन करून हळूच सांगितलं, थोडी नवी जात देतोय, ब्रॉन्झ रंगात. पलीकडे परत तेच थांबणं. फेब्रुवारीतलं. मग ते म्हणाले, सोनेरी म्हणाला होता की तुम्ही. असं म्हणाले आणि लगेच म्हणाले, असू द्या, असू द्या, तुम्ही याच. त्या असू द्या असू द्याने मला फार लागलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

२ ऑगस्ट, शनिवार
आज कपाटातून नारंगी रंगाची पुडी काढली. शेड नंबर अकरा. पक्का रंग, धुऊन जात नाही. बादलीत पाणी घेतलं. एक फर्स्ट ग्रेड त्यात सोडला. दार लावून घेतलं.

पुडी उघडणार तर तो वर आला आणि माझं बोट चोखायला लागला. गाजर समजून. मला आमच्या कारखान्यामागचा नाला आठवला. आम्ही लाल रंगवला की नाला लाल, निळा रंगवला की निळा. त्यात कधी एक बेडूकसुद्धा दिसला नाही.

पुडी बंद केली. मासा परत टाकीत. सोमवारी अक्कलकोटला मान खाली घालावी लागली तर घालीन. पण हे नाही.

काशम्मा दाराबाहेरच उभी होती. चहा करून दिला, विचारल्याशिवाय. तिने पुडी उचलून कुठे टाकली माहीत नाही.

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळ
निघतोय. कॅनमध्ये अकरा सोलापुरी ब्रॉन्झ, उत्तम तब्येतीत. काशम्माच्या हातात दुधाची मोठी किटली, वर ओलं फडकं बांधलेलं. हुग्गी असेल, आमची गव्हाची खीर. लेकीला तिच्या हातची आवडते. एसटीत ती किटली मांडीवर घेऊन बसली, मला धरू देत नाही. सांडेल म्हणते.

भाषण तयार आहे. पहिलं वाक्य: रंग हा केवळ डोळ्याला दिसणारा भाग नाही.

४ ऑगस्ट. संध्याकाळ, घरी
लिहायचं नव्हतं. लिहितो.

पूजा झाली. सगळे पाहुणे हौदाभोवती जमले. निळ्या टाइल्स, कारंजं, दिवे. गुरुबसप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं, हे आमचे बीगरू. मी पहिलं वाक्य म्हटलं आणि कॅन उपडा केला.

अकराही मासे सरळ तळाला जाऊन बसले आणि दिसेनासे झाले. लोक वाकून बघायला लागले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, पाण्यात माती आली की काय रे? कोणीतरी कारंजं बंद करायला धावलं. सिद्धेश्वरी जमिनीकडे बघत होती. भाषणाचं दुसरं वाक्य मला आठवेना.

तेवढ्यात काशम्मा पुढे आली. फडकं सोडलं आणि किटली हौदात ओतली.

हुग्गी नव्हती.

पहिला बाहेर आला तो मुनीम. डोळे तेच, बाहेर आलेले. पण डोक्यापासून शेपटीपर्यंत सोनं! त्याच्या मागून सरळ शेपटीचे, वाकड्या शेपटीचे, तिरपे पोहणारे, सगळे. नारंगी, लाल, एक पांढरा त्यावर लाल ठिपका. निळ्या पाण्यात असे काही पेटले की टाळ्याच पडल्या. मी डोळ्यानेच शेड ओळखली. नंबर अकरा. सहा महिने मी जो रंग शोधत होतो तोच, एक कणही फरक नाही. आनंद झाला की लाज वाटली ते सांगता येत नाही. दोन्ही झालं.

माझा रिजेक्ट माल. म्हशींच्या हौदातला.

गुरुबसप्पांनी मला मिठी मारली. सगळ्यांसमोर विचारलं, मल्लिनाथराव, एवढा रंग आणला कसा? काय सिक्रेट आहे ते सांगाच. मी तोंड उघडलं. शेडनेट, लडी, उत्तरेचा उजेड, सगळं जिभेवर होतं.

काशम्मा म्हणाली, यांनी ते टाकून दिले होते. म्हणून रंग आला.

नव्वद पत्रिकांचे पाहुणे हसले. बीगरूंनी तर डोळे पुसले. मीही हसलो. सिद्धेश्वरी माझ्याकडे बघून हसली तेव्हा जरा बरं वाटलं.

एसटीत काशम्माला विचारलं, कधीपासून माहीत होतं? ती म्हणाली, मे महिन्यापासून. मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही कुठं विचारलं? आणि सांगितलं असतं तर तुम्ही म्हशींवर पण चादर टाकली असती.

५ ऑगस्ट, मंगळवार
लेख वाचला. सगळा. पिल्लं खाकीच जन्मतात. ऊन लागलं, ऊब मिळाली की वरचा काळपट थर जातो आणि खालचा रंग वर येतो. काळे मासेसुद्धा असेच सोनेरी होतात. काही कधीच होत नाहीत.

म्हणजे मुनीमचा रंग उडत नव्हता. येत होता.

आता हौदात आणि टाकीत उरलेल्यांचं नियोजन करायचं आहे. नव्याने, शास्त्रशुद्ध. ऊन रोज किती द्यायचं याचं टाइमटेबल करतो. डोळा आपला अजून शाबूत आहे.

१० ऑगस्ट, रविवार
टाइमटेबलचा तिसरा ड्राफ्ट. सकाळचं ऊन कोवळं, दुपारचं कडक, दोन्हींचं प्रमाण ठरत नाही. अजून नेट काढलेली नाही. घाई करून चालणार नाही.

१७ ऑगस्ट, रविवार
वच्छलाबाई कुंपणाशी आल्या. म्हणाल्या, अण्णा, काशम्माताईनं समदं मासं नेलं, हौद मोकळा पडलाय, म्हशीलाबी करमंना. तुमच्याकडं आनखी रिजेक्ट हायती का?

टाइमटेबल हातात होतं. टाकीकडे बघितलं.

म्हटलं, आहेत. थांबा, बादली आणतो. आणि फर्स्ट ग्रेडच्या टाकीवरची चादर ओढून काढली.